बोट लागली आणि नाखवा भेटला नाही

दापोलीचे तीन दिवस बाजूला ठेवते. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, केळशी, मुरुडचा किनारा, सगळं छान होतं. मला लिहायचंय ते हर्णैहून सुवर्णदुर्गाला जाणाऱ्या बोटीतल्या वीसेक मिनिटांबद्दल.

गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन बोटीत चढलो. वारा सुटला होता, डिझेलचा वास थेट नाकात येत होता. कनकदुर्ग मागे पडला तसं माझं पोट ढवळायला लागलं. सुकाणू धरून बसलेल्या म्हाताऱ्या माणसाने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाला, "बोट लागली तुम्हाला. पाण्याकडं नका बघू, किल्ल्याकडं बघा."

मी किल्ल्याकडे बघत राहिले आणि डोक्यात ते दोन शब्दच फिरत राहिले. बोट लागली. आपल्याला गाडी लागते, घाट लागतो, तशी बोट लागते. इंग्रजीत मळमळीला नॉशिया म्हणतात, तो शब्द ग्रीकांकडून आला. ग्रीकमध्ये 'नाउस' म्हणजे नाव आणि 'नाउसिया' म्हणजे नावेत बसल्यावर होणारा त्रास. त्यांनाही बोटच लागत होती! हे एकमेकांकडून उसनं घेतलेलं नाही. दोन किनाऱ्यांवरच्या माणसांच्या पोटात तेच झालं आणि दोघांनी दोष नावेला दिला. त्यांचं नाउस, लॅटिनचं नाविस, संस्कृतची नौ आणि फारसीतलं नाव ही मात्र खरोखर एकाच कुळातली भावंडं.

जरा बरं वाटल्यावर मी म्हणाले, "किल्ल्याकडे बघितलं आणि थांबलं. उपकार झाले, नाखवा."

त्यांनी मान हलवली. "मी नाखवा नाय, ताई. मी तांडेल. बोट ज्याची, तो नाखवा."

त्यांनी अगदी सहज सांगितलं, पण मी त्या वाक्यावरून अजून हललेले नाही. नाखवा म्हणजे नावाडी, बोट चालवणारा, असंच मी समजत आले होते. मूळ फारसी शब्द 'नाखुदा', म्हणजे नाव अधिक खुदा. खुदा म्हटलं की आपल्याला देव आठवतो, पण त्या शब्दाचा जुना अर्थ धनी, स्वामी. फारसीत 'कदखुदा' म्हणजे घरधनी, तसा नाखुदा म्हणजे नावेचा धनी. कैरोच्या जुन्या सिनेगॉगमध्ये सापडलेल्या 11व्या-12व्या शतकातल्या व्यापाऱ्यांच्या पत्रांतही नाखुदा हा जहाजाचा मालकच आहे. वेरावळच्या 1264 सालच्या शिलालेखात होर्मुझचा नुरुद्दीन फिरोज हा नाखुदा सोमनाथजवळ मशीद बांधतो. त्या संस्कृत लेखावर हिजरी, विक्रम, वलभी आणि सिंह अशा चार शकांतली तारीख कोरलेली आहे. मलायात आणि इंडोनेशियात गेल्यावर मात्र शब्दाचा अर्थ सरकला. तिथे 'नाखोदा' म्हणजे कप्तान, आजच्या मोठ्या पोलादी जहाजाचासुद्धा. गेल्या वर्षी कोलकात्यात नाखोदा मशिदीसमोर उभी होते, तेव्हा हे नाव हर्णैपर्यंत पोचतं हे माझ्या मनातही आलं नव्हतं. ती मशीद कच्छी मेमन व्यापाऱ्यांनी बांधली आणि त्यातल्या पुढाऱ्याची जहाजं होती.

म्हणजे तांडेलकाकांनी शब्दाचा जुना, नेमका अर्थ सांगितला होता, आणि पुस्तकं वाचून आलेली मी तो सैल वापरत होते. मला याचा फार आनंद झाला. तांडेल, खलाशी, नाखवा हा फरक त्यांच्यासाठी रोजच्या हिशोबाचा आहे. मासळीतला कुणाचा वाटा किती, हे त्यावर ठरतं.

किल्ला पाहिला. दारातल्या पायरीवरचं कासव आणि भिंतीतला मारुती यांच्यासाठी तरी जावं. 1755 साली हाच किल्ला तुळाजी आंग्र्यांच्या हातून गेला. आत झाडोरा माजलाय, आणि एका टोळक्याने आणलेल्या स्पीकरमुळे तटावर शांत बसता आलं नाही. अशा जागी गाणी लावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

संध्याकाळी हर्णैच्या वाळूत मासळीचा लिलाव चालू होता. पाण्यात घातलेल्या बैलगाड्या टोपल्या भरून परत येत होत्या. तांडेलकाका तिथेच दिसले. मी विचारलं, "तुमचे नाखवा कुठे आहेत?"

"ते दोन दिस मुंबईला. ही बघा आमची नाखवीण."

पापलेटांच्या ढिगामागे बसलेल्या बाईंनी नोटा मोजता मोजता वर पाहिलं. नाव, खुदा आणि आपला 'ईण' प्रत्यय, जसा पाटलीण, सुतारीण. मी हे त्यांना सांगणार होते, पण तांडेलकाकांनी आधीच माझी सकाळची हकिगत त्यांच्या कानावर घातली होती.

"बोट लागली ना तुला?" त्या म्हणाल्या आणि पिशवीतून लिंबू काढून माझ्या हातावर ठेवलं. "परत येशील तेव्हा चोखत बस."