आमची वाटचाल : सिलिकॉन न वापरता

हलक्या विमानांच्या रंगाला पॉलिश करणारी आमची छोटी फर्म आजही उभी आहे, तीही सिलिकॉनच्या थेंबाला हात न लावता. याचा मला अभिमान आहे.

सुरुवात दोघांची, मी आणि दादा. दादा मूळचे विमानांचे मेकॅनिक. पंखावरून बोट फिरवायचं आणि रंगाची तब्येत सांगायची. बोटाला पूड लागली म्हणजे रंग उन्हाने खाल्लेला. मग आधी सौम्य कंपाउंड, म्हणजे रंगाचा खराब थर घासून काढणारी पेस्ट, त्यावर पॉलिश, शेवटी संरक्षक थर. रोटरी बफर, म्हणजे एकाच आसावर गरगर फिरणारं पॉलिशचं मशीन, दादांनी हँगरमध्ये कधी येऊच दिला नाही. रिव्हेटच्या डोक्यांवर आणि पत्र्याच्या कडांना रंग सगळ्यात पातळ असतो, तिथे रोटरी बघता बघता रंगाखालचा प्रायमर उघडा पाडतो. आम्ही पॅड फिरवता फिरवता डोलवणारं ड्युअल ॲक्शन मशीन वापरतो, फोमचा पॅड सारखा साफ करतो आणि रिव्हेटच्या ओळी हातानेच घासतो. वेळ लागतो. लागू दे.

मग ती मंडळी आली. नाव घेत नाही, धंद्यातल्यांना कळेल. सकाळी आत घेतलेलं विमान संध्याकाळी आरशासारखं करून द्यायचे. बाटलीत सिलिकॉन तेल. ते बारीक ओरखड्यांत भरून बसतं, त्यामुळे ओरखडे दिसत नाहीत. गेलेले मात्र नसतात. आमचं काम जुनाट आणि रखडवणारं आहे, असं त्यांनी हँगरा-हँगरांत पसरवलं. एकेक ग्राहक तुटत गेला. ज्यांच्या विमानांची पोटं, एक्झॉस्टच्या काजळीने माखलेली, आम्ही पाठीवर झोपून साफ केली होती, ते फोन उचलेनासे झाले. भाडं थकलं. दादांनी स्वतःची हत्यारं विकून ते भरलं. हे मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

त्या काळात टिकल्या त्या एकट्या मॅडम. उड्डाण प्रशिक्षक, स्वतःचं चार आसनी विमान. कोणतंही पॉलिश दाखवलं की त्यांचा प्रश्न एकच : "उद्या पत्रा दुरुस्त करून पुन्हा रंगवायची वेळ आली, तर रंग धरेल ना?"

पॉलिश निवडताना विचारायचा प्रश्न हाच. त्या मंडळींनी चमकवलेल्या एका विमानाचं पंखाचं टोक घासलं, दुरुस्त झालं, रंगाला गेलं. ओल्या रंगात जागोजागी खड्डे उमटले. याला फिशआय म्हणतात; सिलिकॉन राहिलं की तिथे रंग धरत नाही. खरवडून पुन्हा रंगवलं, पुन्हा तेच. सिलिकॉन पत्र्यांच्या सांध्यांत आणि रिव्हेटच्या कडेने मुरतं, फडक्यावरून शेजारच्या विमानावरही जातं. बातमी पसरली तसे जुने ग्राहक परत आले. चुकलो असं एकानेही म्हटलं नाही.

आता विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. नव्या पॉलियुरेथेन रंगाला, तो बनवणाऱ्या कंपनीने सांगितलेली मुदत संपेपर्यंत मेण लावू नका. आतलं सॉल्व्हंट बाहेर पडायला वाव हवा. रंग नसलेल्या अल्क्लॅड, म्हणजे वरून शुद्ध ॲल्युमिनियम चढवलेल्या मिश्रधातूच्या पत्र्यावर कंपाउंड चालवू नका. गंजापासून वाचवणारा तो थर पातळ पत्र्यात एका बाजूला जाडीच्या साधारण 5 टक्केच असतो. ॲक्रिलिकच्या काचांना अमोनिया असलेला क्लीनर अजिबात नको, बारीक तडे जातात.

आणि स्टॅटिक पोर्ट, म्हणजे उंची आणि वेग दाखवणाऱ्या यंत्रांना बाहेरच्या हवेचा दाब पोचवणारी विमानाच्या अंगावरची बारीक भोकं. 1996 साली एरोपेरूचं बोइंग 757 समुद्रात कोसळलं, 70 माणसं गेली. सफाईच्या वेळी त्या भोकांवर लावलेली टेप काढायची राहून गेली होती. आम्ही भडक केशरी टेप वापरतो, लावताना प्रत्येक पट्टीची नोंद करतो आणि काढलेली पट्टी कामाच्या कार्डावरच चिकटवतो. पट्ट्या जुळल्याशिवाय दादा कार्डावर सही करत नाहीत, मालक कॉकपिटमध्ये जाऊन बसला असला तरी.