मॅट्रिक्सचा गुणाकार असाच का करायचा?

दहा-पंधरा वर्षांच्या गॅपनंतर परत शिकायला आलेल्यांना सध्या मॅट्रिक्स, म्हणजे आडव्या रो आणि उभ्या कॉलममध्ये मांडलेले आकड्यांचे तक्ते, शिकवतेय. यांची एक गोष्ट मला फार आवडते, "का" ते कळल्याशिवाय ही माणसं पुढे सरकत नाहीत. बेरजेचं काही नाही, जागच्या जागी आकडे मिळवायचे, झालं. पण गुणाकारात आडवी रो घ्या, उभा कॉलम घ्या, जोडीजोडीने गुणा मग बेरीज करा असं म्हटलं की प्रश्न येतोच, "मॅडम, हे पण जागच्या जागी का नाही गुणायचं?"

प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून आता मी नियम आधी सांगतच नाही. फळ्यावर लिहिते प = २च + छ, फ = च + ३छ, आणि खाली च = क्ष + ४य, छ = ५क्ष + य. आता च-छ घालवा आणि प-फ थेट क्ष-य मध्ये लिहा. किंमत घालून सोडवायचं हे शाळेतलंच, हाताला आठवतं. उत्तर येतं प = ७क्ष + ९य, फ = १६क्ष + ७य. मग विचारते, हे ७ आलं कुठून? २ गुणिले १ अधिक १ गुणिले ५. म्हणजे वरच्या दोन समीकरणांतले आकडे ही एक मॅट्रिक्स, खालच्या दोनांतले दुसरी, आणि पहिलीची पहिली रो गुणिले दुसरीचा पहिला कॉलम, नियम त्यांनीच काढला ना! गणितज्ञ आर्थर केलीने १८५८ साली गुणाकार मांडला तोही अशाच समीकरणांवरून.

वह्या तपासताना मात्र बहुतेक चुका मॅट्रिक्सच्या नसतातच, वजा चिन्हाच्या असतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी वजा संख्यांची उजळणी सगळ्यांसाठी घेते, कोणाला येतं कोणाला नाही हे न विचारता, कारण "मला हे आठवत नाही" असं वर्गात बोलायला मोठ्या माणसाला फार जड जातं.

परवा क्रम उलटा करून गुणायला दिलं. ७, ९, १६, ७ च्या जागी ६, १३, ११, ८ आलं. एका गृहस्थांनी तीनदा खोडून परत केलं, त्यांना वाटलं आपलंच चुकतंय. मी म्हटलं बरोबर आहे तुमचं, इथे क्रम बदलला की उत्तर बदलू शकतं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मग सारखं कधी येतं?" मी उत्तर दिलं नाही, शोधून बघा म्हटलं. पुढच्या तासाला ते वही उघडूनच आत आले, दोन मॅट्रिक्स लिहिलेल्या, दोन्हींत मुख्य कर्ण (वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे जाणारी तिरकी ओळ) सोडून सगळीकडे शून्य.