सरळ टाक्याच्या मशीनवर सुगरणीचे घरटे: माझा अनुभव

हाताने भरतकाम करण्याची सवय मला शाळेपासून होती. साखळी टाका, काश्मिरी टाका, गाठीचा टाका हे सगळे येत असल्यामुळे घरातल्या जुन्या काळ्या पायमशीनवर मुक्त भरतकाम (कापड हातांनी हवे तसे फिरवत केलेले) शिकायला जेमतेम आठवडा लागेल, असा माझा समज होता. प्रत्यक्षात अख्खा पावसाळा गेला.

विहिरीवर झुकलेल्या बाभळीला लोंबणारी सुगरणीची तीन घरटी मला कापडावर उतरवायची होती. तयारी सोपी वाटली. मशीनचे फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा भाग, काढले, कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांवर झाकणपट्टी बसवली आणि सुती कापडाखाली पातळ कागद घेऊन ते दोन्ही एकत्र भरतकामाच्या रिंगमध्ये ताणले. हाताच्या भरतकामात कापड रिंगच्या वरच्या कडेला असते. इथे रिंग उलटी ठेवावी लागते, म्हणजे कापड मशीनच्या पाटाला सपाट टेकते. आतल्या रिंगला सुती फीत गुंडाळली, तर कापड सैल पडत नाही.

पाय चालवायला लागले आणि दहा-बारा टाक्यांतच मशीन अडकले. रिंग उचलून पाहिली, तर कापडाच्या खाली धाग्याचा मोठा गुंता झालेला होता. घरटे वर काढायला घेतले होते, ते खाली तयार झाले. धाग्याचा ताण कमी-जास्त करणारा टेन्शनचा स्क्रू मी दोन दिवस उगाच पिळत राहिले. शेवटी ब्लाउजवर मशीनची नक्षी करून देणाऱ्या आमच्या गल्लीतल्या काकांकडे गेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "ताई, फूट काढलंत ते ठीक, पण दांडी खाली केली होती का?" फूट नसले तरी ते खाली-वर करण्याची मागची दांडी खाली पाडावीच लागते, कारण ती वर असेपर्यंत वरच्या धाग्यावर ताणच येत नाही.

पुढचा प्रश्न वेगाचा होता. दाते झाकल्यावर टाक्याची लांबी मशीन ठरवत नाही; पायांचा वेग आणि हातांची चाल यांच्या प्रमाणावर ती ठरते. मी घाबरून पाय हळू आणि हात भराभर चालवत होते, त्यामुळे टाके लांबलचक पडत आणि सुई वर येण्याआधीच कापड ओढले गेल्यामुळे ती वाकून मोडे. पाय जलद आणि हात संथ, ही उलटी सवय अंगात मुरायला तीन आठवडे आणि सुयांची दोन पाकिटे लागली. चकचकीत रेयॉनचा धागा सारखा तुटत होता, तो ११ नंबरची सुई काढून मोठ्या नेढ्याची १४ नंबरची लावल्यावर बराच थांबला.

मशीन आटोक्यात आले, तरी चित्र जमेना. मी पेन्सिलने घरट्याची बाह्यरेषा काढून आत रंग भरल्यासारखे टाके भरले होते, आणि ते घरटे कमी नि भोपळा जास्त दिसत होते. शिवाय एकाच दिशेने दाट टाके घातल्यामुळे भोवतीच्या कापडाला चुण्या पडल्या. ते सगळे उसवले. दुसऱ्या कापडावर फक्त फांदी आणि घरट्यांची टोके एवढ्याच खुणा केल्या. आधी गडद तपकिरी धाग्याने विरळ, वेडीवाकडी वेटोळी घातली, त्यांवर मेंदी रंगाची, आणि सर्वांत वर सुकलेल्या गवताच्या पिवळट रंगाची. धागे रंगांसारखे एकमेकांत मिसळत नाहीत. वरच्या थराच्या फटींतून खालचा थर दिसत राहतो आणि त्यातूनच खोली येते. गवताचे हिरवे ठिपके मात्र एका दोषातून मिळाले. वरचा ताण घट्ट आणि बॉबिन केसचा, म्हणजे खालच्या धाग्याच्या रिळाच्या डबीचा, स्क्रू थोडा सैल राहिला, की खालचा धागा टाक्याटाक्यावर वर डोकावतो. एरवी मी तो दोष काढून टाकला असता; इथे बॉबिनमध्ये मुद्दाम हिरवा धागा भरला.

आपण 'सुगरण' असे स्त्रीलिंगी नाव वापरतो, पण घरटे विणतो तो नर. अर्धे झाले की मादी येऊन पाहते आणि तिला पसंत पडले तरच तो खालची लांब नळी विणून पुरी करतो. म्हणून तिसरे घरटे मी नळीविना ठेवले आणि त्याचे काही धागे न कापता लोंबते सोडले.

मागचा कागद फाडून काढल्यावर कापड काकांना दाखवायला नेले. त्यांनी ते हातात घेताच आधी उलटे केले, मागच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि मग पुढची बाजू पाहिली. "हे तिसरं राहिलंय की," ते म्हणाले. मी कारण सांगितले. त्यांनी कापड पुन्हा उलटे केले आणि लोंबणारे धागे मागून पक्के केले आहेत का, ते एकेक करून ओढून पाहिले.