ट्रक कॅम्पर घेताय? आधी ट्रकचं दार उघडा आणि स्टिकर वाचा

ट्रक कॅम्पर म्हणजे नक्की काय ते आधी सांगून टाकते, कारण आमच्या ओळखीतल्या जवळजवळ सगळ्यांना वाटलं की आम्ही व्हॅन घेतली नाहीतर मागे ओढायचा ट्रेलर घेतला. दोन्ही नाही. पिकअप ट्रकचा जो मागचा उघडा हौदा असतो त्यात एक आख्खी खोली बसवायची, झोपायची जागा ड्रायव्हरच्या डोक्यावर, मागे दार, आत शेगडी, फ्रिज, टेबल, टॉयलेट. नको तेव्हा चार कोपऱ्यांच्या चार जॅकवर ती खोली उचलायची आणि खालून ट्रक काढून न्यायचा. मागे काही लटकत नसतं त्यामुळे मातीच्या अरुंद रस्त्यावर आत गेलो आणि पुढे रस्ताच संपला तरी वळून परत येता येतं, ट्रेलरवाल्यांना तिथे घाम फुटतो.

आता घ्यायचं ठरलं की काय होतं, लोक डीलरकडे जातात आणि थेट आत शिरतात. आत मस्त लाइट लावलेले असतात, कुशन नवीकोरी, ड्रॉवर हळूच बंद होणारे, मग वरच्या बेडवर चढून दोघं आडवे होऊन बघतात (आम्ही पण झालो, न होऊन सांगताय कोणाला) आणि निम्मा निर्णय तिथेच होऊन जातो. माझं या सगळ्या प्रकारातून एकच मत झालंय, कॅम्पर आतून सगळ्यात शेवटी बघायचा. आधी ट्रक, मग वजन, मग छप्पर, मग वेळ उरला तर कुशन.

तर ट्रक. अमेरिकेत विकल्या गेलेल्या पिकअपचं ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक पिवळं-पांढरं स्टिकर दिसतं, त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून वजन इतक्या पाउंडांच्या वर जाता कामा नये. हे तुमच्या ट्रकचं पेलोड. ब्रोशरमधलं नाही, जाहिरातीतलं नाही, तुमच्या त्या एका ट्रकचं, कारण सनरूफ, फोर व्हील ड्राइव्ह, मोठी केबिन, जे जे फॅक्टरीत वाढवलं ते ते यातून वजा झालेलं असतं. आणि "माणसं" यात ड्रायव्हर पण आला, हे बरेच जण सोयीस्कर विसरतात.

इथे एक मजा सांगते. सगळ्यांना वाटतं डिझेल म्हणजे ताकद म्हणजे जास्त वजन पेलणार. ओढायला हो, पाठीवर घ्यायला नाही! डिझेल इंजिन स्वतःच जड असतं, आणि एफ-२५० किंवा रॅम २५०० सारख्या ट्रकची एकूण वजनाची मर्यादा बऱ्याचदा १०,००० पाउंडांवर अडकवलेली असते, त्यामुळे डिझेल, मोठी केबिन, लेदर सीट असं सगळं घेतलं की पेलोड घसरून २,००० च्या आसपास येतं. तोच ट्रक साध्या पेट्रोल इंजिनात आणि कमी नखऱ्यांत घेतला तर जास्त वजन घेतो. आमचा वन-टन (म्हणजे एफ-३५० किंवा ३५०० च्या वर्गातला) आहे, मागे एकेरी चाकांचा, पेट्रोल, स्टिकरवर ३,९०० पाउंड.

आता तुम्ही म्हणाल ३,९०० म्हणजे ३,५०० चा कॅम्पर आरामात बसेल. अजिबात नाही. ब्रोशरमध्ये जे वजन छापतात ते ड्राय वेट, म्हणजे टाक्या रिकाम्या, कपाटं रिकामी, आणि पुष्कळदा ऑप्शनसुद्धा न धरता. आमचा हिशोब नवऱ्याने एक्सेलमध्ये मांडला (त्याला निमित्तच हवं असतं) तो असा होता. कॅम्पर कोरडा २,४००. पाणी ३० गॅलन, एका गॅलनला साधारण ८.३ पाउंड, म्हणजे २५०. गीझरमधलं ६ गॅलन पाणी वेगळं, ते ५०. प्रोपेनचे दोन भरलेले सिलिंडर ७५. बॅटरी ६०. बाहेरची ऑनिंग (दारापाशी उघडायचं कापडी छप्पर) वगैरे जास्तीचं १५०. आम्ही दोघं ३१०. आणि कपडे, भांडी, खाणं, खुर्च्या, टूलबॉक्स, पाइप, लेव्हल करायच्या पाट्या, हे सगळं ३००. झाले ३,५९५. कागदावर २,४०० चा कॅम्पर आणि रस्त्यावर जवळजवळ ३,६००!

हे मी डीलरकडे बोलले तर तो म्हणाला "अहो मॅडम, सगळे नेतात, मागे एअरबॅग टाकून घ्या." (इंग्रजीत म्हणाला, पण सूर अगदी असाच.) तर एअरबॅगबद्दल. स्प्रिंगजवळ हवेच्या पिशव्या बसवतात, त्यांनी ट्रकचा खाली गेलेला मागचा भाग वर येतो, डोलणं थोडं कमी होतं, दिसायला पण छान. पण पेलोड एका पाउंडानेही वाढत नाही. अ‍ॅक्सल तोच, ब्रेक तेच, टायर तेच. टायरच्या कडेला लोड रेटिंग लिहिलेलं असतं ते पण बघाच, कारण वजनाची साखळी जिथे सगळ्यात कच्ची तिथेच तुटते आणि कॅम्परच्या बाबतीत ती बऱ्याचदा मागच्या टायरलाच असते.

दुसरी गोष्ट म्हणजे ते वजन पडतं कुठे. प्रत्येक कॅम्परच्या बाजूला सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीची खूण असते, छोटासा बाण किंवा स्टिकर. कॅम्पर हौद्यात बसल्यावर ही खूण मागच्या अ‍ॅक्सलच्या थोडी पुढे यायला हवी. मागे गेली की ट्रकची पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. हौद्याची लांबी म्हणूनच महत्त्वाची, साडेपाच फुटाच्या हौद्यात आठ फुटासाठी बनवलेला कॅम्पर कसाबसा घुसवता येईल, पण ती खूण कुठे जाईल बघा.

हाफ-टन वाल्यांनी, म्हणजे एफ-१५० किंवा १५०० वाल्यांनी, निराश व्हायचं कारण नाही, त्यांच्यासाठी पॉप-अप आहेत. छप्पर खाली बसतं, चालवताना उंची कमी, वारा कमी लागतो, वजन खूप कमी. तोटा असा की वरच्या भिंती कापडाच्या, थंडीत ऊब टिकत नाही आणि शेजारच्या जनरेटरचा आवाज थेट उशीपाशी. आम्हाला थंडीत पण जायचं होतं म्हणून हार्ड-साइड, म्हणजे पक्क्या भिंतींचा, घेतला. स्लाइड-आउट, म्हणजे बटण दाबलं की भिंत बाहेर सरकते तो प्रकार, मी सरळ नको म्हटलं. जागा मिळते पण वजन वाढतं आणि बिघडायला एक मोटर जास्त.

आता चढवणं. या भागाची सगळ्यांना भीती असते आणि थोडी असावीच. पद्धत अशी की आधी मागचं फळकं (टेलगेट) काढून घरी ठेवायचं, हौद्यात जाड रबर मॅट टाकायची नाहीतर गुळगुळीत प्लास्टिकवर कॅम्पर ब्रेक मारला की पुढे सरकतो. चारही जॅक थोडे थोडे करून वर न्यायचे, एकदम एका कोपऱ्याला उचलायचं नाही, सांगाडा पिळवटतो. पुढची बाजू मागच्यापेक्षा जराशी उंच ठेवायची. मग ट्रक रिव्हर्समध्ये, एकदम मुंगीच्या पावलाने. नवरा स्टिअरिंगवर आणि मी मागे कोपऱ्यात, जिथून मला हौद्यातल्या चाकावरच्या उंचवट्याची आणि कॅम्परच्या खालच्या कडेची फट दिसते तिथे. दोन्ही बाजूला इंच-दोन इंच एवढीच जागा. मी हाताने खुणा करते, ओरडत नाही, कारण ओरडलं की "काय? काय?" करत तो मान बाहेर काढतो आणि पाय ब्रेकवरून हलतो. आमचा नियम आहे, आरशात मी दिसले नाही की गाडी थांबली पाहिजे. डाव्या बाजूची फट बोटभर राहिली की थांबा, पुढे घ्या, परत या. याला लाजायचं काहीच नाही, बाकीचे पार्किंगमधले लोक बघत उभे राहतात, राहू देत.

पूर्ण आत गेला की जॅक हळूहळू खाली, सगळं वजन हौद्यावर आलं की मग टाय-डाउन, म्हणजे कॅम्पर ट्रकला आवळून बांधायचं. हे चार, प्रत्येक कोपऱ्याला एक टर्नबकल (फिरवून ताण द्यायचा पेच), आणि ते ट्रकच्या चेसिसला धरलेल्या हुकांना लावायचे, हौद्याच्या पत्र्याला नाही असं आम्हाला पटलं, पत्रा शेवटी पत्राच. मग कॅम्परची वायर ट्रकच्या प्लगला जोडायची, त्यातून मागचे लाइट चालतात आणि चालत्या इंजिनवर कॅम्परची बॅटरी थोडीथोडी चार्ज होते. आणि पहिल्या दहा-पंधरा मैलांनंतर थांबून टर्नबकल परत तपासायचे, कारण कॅम्पर हलून हलून नीट बसतो आणि ते सैल पडतात.

लगेच जमलं तर ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर जा, सगळं भरून, पाण्यासकट, दोघं बसून. कॅट स्केल म्हणून असतात ते, पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचं वजन वेगवेगळं छापून देतात. आमच्या मागच्या अ‍ॅक्सलचा आकडा मर्यादेच्या आत आला तेव्हा एक्सेलवाल्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

चालवायला कसं वाटतं हा सगळ्यांचा प्रश्न. उंच वाटतं. मोठ्या ट्रकने ओव्हरटेक केलं की आधी ढकलल्यासारखं होतं मग ओढल्यासारखं, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा आणि घाबरून उलट दिशेला झटका देऊ नका. ब्रेकला अंतर जास्त लागतं. मधल्या आरशातून फक्त कॅम्परची भिंत दिसते, म्हणून मागे कॅमेरा लावून घेतला. आणि उंची! एसीसकट टेपने मोजा, कागदावर लिहा आणि स्टिअरिंगच्या वर चिकटवा. आमची ११ फूट २ इंच आहे. पूल बहुतेक उंच असतात, खरा शत्रू म्हणजे झाडाची वाळकी फांदी आणि जुन्या पेट्रोल पंपाचं छत.

सासूबाईंनी फोनवर पहिला प्रश्न विचारला होता, "आणि आंघोळीचं काय?" तर आंघोळ होते, वेट बाथ म्हणतात त्याला, टॉयलेट आणि शॉवर एकाच खोक्यात, आधी पेपर रोल बाहेर काढून ठेवायचा. अंग भिजवलं, पाणी बंद, साबण, मग पाणी. एवढं केलं तर ३० गॅलन आश्चर्य वाटेल इतके पुरतात. टॉयलेट आमचं कॅसेटवालं आहे, बाहेरून दार उघडून डबा काढायचा आणि डंप स्टेशनवर (कॅम्परचा मैला टाकायची ठरलेली जागा) किंवा जिथे परवानगी आहे अशा टॉयलेटमध्ये रिकामा करायचा. काम घाणेरडं वाटतं पण दोन मिनिटांचं आहे, आणि ज्याची पाळी आहे त्यानेच करायचं, यात वशिला चालत नाही.

वरच्या बेडबद्दल एक प्रश्न घ्यायच्या आधी नक्की विचारा, झोपायचं कसं, लांबीत की आडवं? आडवा बेड असला तर आतल्या बाजूच्या माणसाला रात्री उठायचं झालं की दुसऱ्याला ओलांडून जावं लागतं, आणि वर डोकं सरळ करायला पण जागा नसते. ज्याला रात्री उठावं लागतं त्याने कडेला झोपायचं, हा वाद घरीच मिटवून निघा.

थंडीत दोन माणसांच्या श्वासानेच खिडक्यांवरून पाणी ओघळतं. पहिल्यांदा वाटतं गळतंय की काय. उपाय उलटा वाटेल पण छताचं व्हेंट बोटभर उघडं ठेवायचं, हीटर चालू असला तरी. गादीखाली पण हात घालून बघत जा, तिथे ओल धरते आणि मग बुरशी. प्रोपेनचा डिटेक्टर पायाशी का लावलाय असं मला वाटलं होतं, तर प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो, म्हणून तिथे. त्याच्यासमोर बूट काढून ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा लागतो, आणि दोन्हींवर एक्स्पायरीची तारीख असते, जुना कॅम्पर घेताना ती वाचा.

फ्रिज जुन्या पद्धतीचा, गॅसवर पण चालणारा असेल तर कॅम्पर सपाट उभा पाहिजे, तिरका ठेवून चालवत राहिलं की कूलिंग युनिट खराब होतं. कॉम्प्रेसरवाल्याला हे नखरे नाहीत, पण तो बॅटरी खातो, मग सोलर पॅनल आलं, मग पॅनलचं वजन आलं, की परत एक्सेल उघडली.

आणि छप्पर. जुना घेत असाल तर हे आतल्या सगळ्या गोष्टींच्या आधी बघा. व्हेंट, एसी, कडा, जिथे जिथे छपराला भोक आहे तिथे सीलंट लावलेलं असतं आणि ते उन्हाने तडकतं. पाणी आत शिरलं की लाकडी सांगाडा आतून कुजतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. वरच्या बेडच्या पुढच्या दोन कोपऱ्यांत, गादी उचलून, अंगठ्याने जोरात दाबून बघायचं. मऊ लागलं किंवा भिंतीला फुगवटा दिसला किंवा दार उघडताच कुबट वास आला (आणि विशेषतः कुबट वासावर एअर फ्रेशनरचा वास आला) तर किंमत कितीही कमी असू दे. आम्ही पाहिलेल्या एका कॅम्परचा मालक म्हणत होता वर चढायला शिडी नाहीये. पुढचा बघायला जाताना आम्ही स्वतःचीच शिडी ट्रकमध्ये टाकून नेली.