वटपौर्णिमा ते दिवाळी: माझ्या ऑपरेशनची रोजनिशी

वटपौर्णिमा

वडाची पूजा केली, उपवास मात्र नाही केला. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत आणि वजनाचं ऑपरेशन तोंडावर आलंय, त्यामुळे डॉक्टरांनी उपवासाला स्पष्ट नाही सांगितलं होतं. सासूबाई मोडता घालतील असं वाटलं होतं, पण त्याच म्हणाल्या, "गोळ्या घेऊन चक्कर येऊन पडलीस तर वडाला काय सांगू मी? फेऱ्या मार नि घरी चल."

सध्या दिवसातून तीनदा प्रोटीन पावडर, मधे पातळ ताक, दुधीचं किंवा पालकाचं सूप आणि वाटीभर काकडी-टोमॅटो. भात, पोळी, साखर, बटाटा बंद. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे असंच काढायचंय. सर्जननी कागदावर पोट काढून कारण समजावलं. माझ्यासारख्यांच्या यकृतात चरबी साठून ते मोठं झालेलं असतं, आणि त्याचा डावा भाग नेमका जठरावर पसरलेला असतो. दुर्बिणीतून काम करताना तो उचलून धरावा लागतो. पीठ-साखर थांबली की यकृत आक्रसतं आणि त्यांना नीट दिसतं. म्हणजे हे दोन आठवडे वजन उतरवण्यासाठी कमी आणि टेबलावरच्या माझ्या सुरक्षिततेसाठी जास्त आहेत. हे कळल्यापासून पावडरचा तो खडूसारखा वास सहन होतो.

शनिवार, साताऱ्याला परत

आज पुण्यात तपासण्या संपल्या. उंची १५६ सेंमी, वजन १०४ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४२ च्या वर. आपल्या लोकांत २५ च्या पुढेच लठ्ठपणा धरतात, कारण आपल्याकडे चरबी पोटावर साठते आणि साखर लवकर बिघडते. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८.६ टक्के.

दुर्बीण घालून जठर पाहिलं, सोनोग्राफी झाली, थायरॉइड, बी-१२, डी जीवनसत्त्व सगळं पाहिलं. झोपेची तपासणी मात्र मला हादरवून गेली. बोटाला, छातीला, नाकापाशी तारा लावून रात्रभर झोपायचं. सकाळी कळलं की झोपेत माझा श्वास सारखा अडकतो (स्लीप ॲप्निया), तोही तीव्र प्रमाणात. आता ऑपरेशनपर्यंत रात्री सीपॅपचा, म्हणजे हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणाऱ्या मशीनचा मास्क लावायचा, म्हणजे भूल देणाऱ्या डॉक्टरांचं काम सोपं होतं. पहिल्याच रात्रीनंतर सकाळी डोकं इतकं हलकं होतं की शाळेत मधल्या सुट्टीत डोळे मिटले नाहीत. हाच अहवाल विमा कंपनीनेही मागितला. बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत तीव्र स्लीप ॲप्नियासारखा किंवा ताब्यात न येणाऱ्या मधुमेहासारखा आजार, असं असलं तर हे ऑपरेशन विम्याच्या नियमांत बसतं. 'हे सौंदर्यासाठी असतं' असं ज्यांना वाटतं त्यांनी हा नियम एकदा वाचावा.

बाहेर बाकावर बारामतीकडच्या एक काकू होत्या. त्यांची तारीख पुढे गेली होती, कारण मिश्री सुटत नव्हती. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो, जठराच्या बायपासनंतर अल्सर होऊ शकतो. "दात घासल्यासारखं वाटतच न्हाई मिश्रीबिगर," म्हणत होत्या. त्यांचा हात हातात घेऊन बसले थोडा वेळ.

त्यांचा बायपास आहे, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडायची; माझी स्लीव्ह. मधुमेह फार जुना असेल, छातीत जळजळ असेल, तर बायपास बरा पडतो असं सर्जन म्हणाले. माझा मधुमेह तसा अलीकडचा, इन्सुलिन नाही, जळजळ नाही. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून कायमचा काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. परतीचा रस्ता नाही. ह्यांनी तो प्रश्न दोनदा विचारला, आणि सर्जननी दोन्ही वेळा शांतपणे तेच उत्तर दिलं. मला ते आवडलं.

आदली रात्र

झोप नाही, म्हणून लिहितेय. रक्तदाबाची गोळी चालू, साखरेची एक गोळी तीन दिवस आधीच बंद. बॅगेत सैल गाऊन, लिप बाम, मास्कचं मशीन.

मी सातवीला विज्ञान शिकवते. पचनसंस्थेचा तक्ता भिंतीवर लावून दरवर्षी जठरावर छडी ठेवते. आणि त्याच वर्गात मागच्या बाकावरून कुणी हळूच काही बोललं की मला ते ऐकू येतं. गुडघ्यासाठी गेले तर एका डॉक्टरांनी मान वर न करता "आधी तोंड बंद ठेवा" म्हटलं होतं. त्या महिन्यात मी नुसत्या भाज्यांवर होते. नऊ किलो उतरवले होते, वर्षभरात अकरा परत आले. असं कितीदा झालं असेल. प्रत्येक वेळी सगळ्यांनी एकच निदान केलं: हिच्या मनाला लगाम नाही. ज्या बाईने नोकरी, दोन बाळंतपणं, सासऱ्यांचं आजारपण एका हाताने निभावलं, तिचं मन फक्त ताटासमोर कमजोर कसं असेल, हे कुणी विचारलं नाही.

उद्या सकाळी पहिला नंबर माझाच.

हॉस्पिटल, खिडकीशी

झालं. पोटावर पाच छोट्या पट्ट्या आहेत. पोटापेक्षा उजवा खांदा जास्त दुखतोय. पोट फुगवायला भरलेला वायू छाती आणि पोटामधल्या श्वासपटलाखाली राहतो, त्याची कळ खांद्यात उमटते. सिस्टरनी संध्याकाळीच उभं केलं आणि व्हरांड्यात चालवलं. पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून ते चालणं, घट्ट मोजे, आणि पोटात घ्यायचं बारीक सुईचं इंजेक्शन. शिवाय फुप्फुसं मोकळी राहावीत म्हणून प्लॅस्टिकचं ते तीन चेंडूंचं यंत्र. नळीतून श्वास आत ओढायचा आणि चेंडू वर तरंगत ठेवायचे. आज दोनच चढले.

पाणी औषधाच्या मापाने मिळतं, ३० मिलीचं टोपण. ते घोट घोट करत पंधरा मिनिटांत संपवायचं. पहिला घोट खाली उतरताना छातीत जिथे जिथे पोचला तिथे तिथे कळला. घाईने घेतलं तर तो तिथेच अडून बसल्यासारखा वाटतो, मग नुसतं ताठ बसून राहायचं. शेजारच्या खोलीतून कुणाच्या तरी डब्यातल्या लसणीच्या फोडणीचा वास आला. मी वाट पाहिली. तोंडाला पाणी सुटेल, पोटात कालवाकालव होईल. काहीच झालं नाही. वास आला आणि गेला.

आषाढी एकादशी

घरात साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वऱ्याचे तांदूळ. मला मुगाचं कढण. सासूबाई मूग शिजवून घोटतात आणि मलमलीच्या फडक्यातून पिळून घेतात, वर चिमूटभर जिऱ्याची पूड. त्यांच्या बोटांना चटका बसतो तरी गाळणीने गाळत नाहीत, कारण गाळणीतून साल उतरतं. अर्धी वाटी प्यायला अर्धा तास लागतो. टीव्हीवर पंढरपूरची गर्दी पाहत प्यायले.

आज मला जे लिहायचंय ते हे. इतकी वर्षं मी ज्याला माझा स्वभाव समजत होते, ते रक्तात फिरणारं एक रसायन होतं. जठराच्या वरच्या फुगीर भागात घ्रेलिन नावाचं संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होतं. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधलं. ते मेंदूला जाऊन सांगतं, खा. आणि उपासमार करून वजन उतरवलं तर ते कमी होत नाही, उलट वाढतं. शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय, आणि ते गेलेली चरबी परत मिळवायला धडपडतं. म्हणजे मी नऊ किलो उतरवून बसले होते तेव्हा मला पूर्वीपेक्षा जास्त भूक लागत होती, आणि त्या जास्तीच्या भुकेशी मी एकटीने लढत होते. वर लोक सांगत होते, निश्चय कमी पडतोय.

आता तो फुगीर भागच काढलाय. सोबत आतड्यातून पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकंही वाढतात. खिचडी समोर होती. मला ती दिसत होती, आवडतही होती, पण ती मला बोलावत नव्हती. बारीक माणसांना रोज असंच वाटत असेल का? ह्यांना विचारलं, "समोर खिचडी असताना तुम्हाला दुसरं काही सुचतं?" ते म्हणाले, "म्हणजे काय, सुचतंच की." मी आत जाऊन रडले. राग होता तो. माझ्यापेक्षा कितीतरी हलकं ओझं उचलणाऱ्यांकडून मी आयुष्यभर उपदेश ऐकला.

श्रावण, संध्याकाळ

हे कुणी आधी नीट सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहून ठेवते. संध्याकाळी पाचच्या सुमाराला मन उदास होतं. शाळेतून आल्यावर चहा आणि त्याबरोबर काहीतरी चटकमटक ही माझी दिवसभरातली एकमेव निवांत जागा होती. तिथे कुणी काही मागत नसे. भूक गेली, पण ती जागाही गेली, आणि तिथे काय ठेवायचं ते अजून सापडलं नाही. समुपदेशक बाईंशी बोलले. हे बऱ्याच जणांना होतं म्हणाल्या. आता पाच वाजता लेकीबरोबर गच्चीवर जाते. काही दिवस बरं वाटतं, काही दिवस नाही.

मऊ भात-वरण, चुरलेलं पनीर, मऊ अंडं सुरू झालंय. आधी प्रथिनं, मग भाजी, भात शेवटी. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. चहाच्या बशीत जेवते, बाळाच्या चमच्याने. काल आई आली होती. तिला ते बघवेना. "अगं, थोडं तरी खा," म्हणत तिने दुसरा घास पुढे केला. आमच्याकडे माया दाखवायची दुसरी रीतच नाही. मी तिचा हात तसाच धरून तो घास तिलाच भरवला. हसली शेवटी.

गौरी जेवल्या

हळदीकुंकवाला आळीतल्या सगळ्याजणी आल्या. कपडे ढगळ झालेत, नजरा जाणारच. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी सांगून टाकलं, "तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं." त्यांचा हेतू मला झाकायचा होता, माझ्यावर कुणी हसू नये असा. पण मला ते सोसवेना. सगळ्यांसमोर म्हणाले, "आई, नाही हो. माझं वजनाचं ऑपरेशन झालं. जठर लहान केलंय. मधुमेह होता, झोपेत श्वास अडकत होता, म्हणून केलं."

क्षणभर सगळ्या गप्प. मग एकीने विचारलं, "ती वजन उतरवायची इंजेक्शनं निघालीत म्हणे, ती का नाही घेतली?" चांगला प्रश्न होता. सांगितलं, की ती चांगली आहेत, काहींना त्यांनीच भागतं, पण सहसा बंद केली की वजन परत चढतं, आणि माझ्या बीएमआयला डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. दुसरी म्हणाली, "शॉर्टकटच की." तिला मी कढणाचे दिवस सांगितले.

नैवेद्याच्या पुरणपोळीचा एक छोटा तुकडा घेतला, चावून चावून. पुरण नेहमीसारखंच झालं होतं. तेवढा तुकडा पुरला.

नवरात्र

केस. कंगव्यात, उशीवर, बाथरूमच्या जाळीत. शरीराला मोठा धक्का बसला आणि खाणं एकदम कमी झालं की पुष्कळसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि साधारण तीन महिन्यांनी गळायला लागतात. मुळं शाबूत असतात, परत येतात. माहीत असूनही आरशासमोर घशात आवंढा येतो. दिवसाला ६० ग्रॅम प्रथिनं गाठायचीच, हा त्यावरचा त्यातल्या त्यात उपाय. अंडी, पनीर, मूग, दही, रविवारी चिकन, कमी पडलं तर पावडर.

गोळ्यांचा डबा कायमचा: मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, लोह, डी, कॅल्शियम. लोह आणि कॅल्शियम एकत्र नाही, मधे दोन तास. भराभर वजन उतरताना पित्ताशयात खडे होतात म्हणून सहा महिने त्याची वेगळी गोळी. नऊ दिवसांचा उपवास यंदा नाही. घट मात्र मीच बसवले.

दिवाळीची सुट्टी

वजन ८०. तीन महिन्यांची साखर ६.१ टक्के, एकच गोळी उरलीय. पहाटे अजिंक्यताऱ्याचा रस्ता चढते. मधल्या वळणावर थांबते, पण वर जाते.

आहारतज्ज्ञ मॅडमनी आज बजावलं की पहिलं वर्ष-दीड वर्ष सोपं असतं. पुढे भूक काही प्रमाणात परत येते, काहींचं वजनही. तोवर सवयी पक्क्या व्हायला हव्यात. भीती वाटली. पण ती आली तर या वेळी मला ती ओळखता येईल, आणि तिला मी माझा दोष म्हणणार नाही.

संध्याकाळी शाळेतल्या एका सहकारी बाईंचा फोन आला. आवाज दबका. गौरीच्या दिवशीचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. तासभर बोललो. त्यांना सांगितलं: झोपेची तपासणी मागा. स्लीव्ह की बायपास, आणि का, हे तुमच्या रिपोर्टवर बोट ठेवून विचारा. ऑपरेशननंतर कायम तपासण्यांना यायचंय, तेव्हा जाण्या-येण्याच्या अंतराचा विचार करा. विम्याचे कागद आधी वाचा. आणि पहिल्या भेटीला एकट्या जाऊ नका, नवऱ्याला आणि सासूबाईंना, दोघांनाही बरोबर न्या. डॉक्टर कागदावर पोट काढतील तेव्हा त्यांनीही ते पाहिलं पाहिजे.