नाडी कशाला बघायची?

"हात गरम आहे, बोटं हलतायत, आता नाडी कशाला बघायची?" सांगलीत मनगटातून केलेल्या अँजिओग्राफीनंतर घरी सोडताना मामा सिस्टरना म्हणाले.

सिस्टर थांबल्या नाहीत. ऑक्सिजन मोजायची क्लिप मामांच्या अंगठ्याला लावली, मनगटाची करंगळीकडची बाजू दाबून धरली आणि स्क्रीनवरची लाट बघत राहिल्या. लाट चालूच राहिली. "रस्ता मोकळा आहे," म्हणाल्या.

मामांचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. हाताला रक्त देणाऱ्या रोहिण्या दोन. अंगठ्याकडची, जिच्यातून अँजिओग्राफीची नळी घालतात, ती गुठळीने बंद पडली तरी करंगळीकडची हात सांभाळते, त्यामुळे बहुतेकांना काही जाणवतच नाही. पण पुढे पुन्हा अँजिओग्राफी, बायपास किंवा डायलिसिसचा फिस्टुला (रोहिणी आणि शिरेची जोडणी) करायची वेळ आली, तर हीच रोहिणी लागू शकते!

गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध देतात. मनगटावरचा पट्टाही रक्तस्राव थांबेल इतकाच आवळायचा, आतला प्रवाह चालू राहायला हवा. शेजारच्या खाटेवरचे काका तर "अजून घट्ट करा" म्हणत होते. त्यांना हे कुणीतरी नीट समजावायला हवं होतं.

तुमच्या घरी कुणाची मनगटातून अँजिओग्राफी झाली असेल, तर घरी सोडताना नाडी तपासली होती का?