विमानात पोरं कुठे बसवायची?

मे महिन्यातलं मुंबई-श्रीनगर विमान म्हणजे पंख लावलेली वऱ्हाडाची बसच. टूरवाल्यांच्या पिवळ्या टोप्या, चेहऱ्यापेक्षा मोठे गॉगल लावलेली पोरं आणि गेटवरच फुटलेली चिवड्याची पाकिटं. पहाटेचं विमान असल्यामुळे निम्मी मंडळी रात्रभर जागीच होती.

माझी सीट मागच्या बाजूला, आईलची. मधल्या सीटवर सात-आठ महिन्यांचं बाळ मांडीवर घेतलेली आई. बसल्यापासून तिची मान मागेच वळलेली, कारण तिची पाच वर्षांची लेक पाच-सहा रांगा मागे, दोन अनोळखी माणसांच्या मध्ये. नवरा पार पुढे. आदल्या दिवशी विमान बदललं आणि निवडलेल्या सीटा सगळ्या विस्कटल्या, असं ती सांगत होती. एअर होस्टेसने मागे जाऊन विचारून पाहिलं. लेकीच्या बाजूच्या गृहस्थांनी सरळ सांगितलं, "मॅडम, मी या सीटचे जादा पैसे भरलेत." त्यांचं काय चुकलं? एअरलाइनचा घोळ त्यांनी का निस्तरायचा? शेवटी आमच्या रांगेतल्या खिडकीजवळच्या काकू उठल्या. "मी जाते गं मागे. पोरीला बोलाव इकडे. मला काय, मी झोपणारच आहे."

खरं तर काकूंवर ही वेळ यायलाच नको होती. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, सगळ्या एअरलाइन्सना बजावलंय: १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई-बाबा किंवा पालकांपैकी निदान एकाजवळ जागा द्यायची आणि त्याची नोंद ठेवायची. आई आणि बाळ एका पीएनआरवर, बाबा आणि लेक दुसऱ्यावर, अशी यांची तिकिटं. म्हणजे लेक बाबाजवळ तरी हवीच होती. पण सीट निवडायचे पैसे घ्यायची सवय लागली की शेजारी बसणंही विकायची वस्तू होते.

जम्मूच्या पुढे पीर पंजालवर विमानाने दणके द्यायला सुरुवात केली. डावी-उजवीकडे बर्फाचे कडे, पोरं खिडक्यांना चिकटलेली. तेवढ्यात घोषणा झाली, श्रीनगरला उतरताना खिडक्यांची झापडं खाली ठेवा. हवाई दलाचा तळ आहे ना. एवढ्या खटपटीने मिळालेली खिडकी बंद! लेक अशी फुगली की विचारू नका. आणि मग बाळाने सूर लावला. विमान खाली येताना केबिनमधला हवेचा दाब वाढतो, कानाचे दडे बसतात. आपण आवंढा गिळतो, जांभई देतो. बाळाला ते कळत नाही, आणि त्याची कान आणि घसा जोडणारी नळीही अरुंद असते. आईने त्याला पाजायला घेतलं, चोखताना कान मोकळे होतात म्हणून.

पुढच्या रांगेतले काका मागे वळून मला म्हणाले, "अशा फॅमिलींना वेगळं बसवायला हवं, नाही का?" हे काका दिल्लीच्या पुढेपर्यंत फोनवर मोठ्या आवाजात रील्स बघत होते, ती गोष्ट निराळी.

प्रयोग झालेत की. एअरएशिया एक्सने २०१३ मध्ये क्वाएट झोन, म्हणजे लहान मुलांशिवायचा शांत भाग, काढला. मलेशिया एअरलाइन्सने ए३८० या दुमजली विमानाच्या वरच्या मजल्यावर लहान मुलांना बंदी केली. आपल्याकडे इंडिगोने २०१६ मध्ये १ ते ४ आणि ११ ते १४ या रांगा बारा वर्षांखालच्या मुलांना बंद केल्या. त्यातल्या १२ आणि १३ आपत्कालीन दाराजवळच्या. तिथे मुलांना तसंही कोण बसवतं? २०२३ मध्ये कोरेंडन या एअरलाइनने ॲमस्टरडॅम ते कॅरिबियनमधलं कुरसाव बेट या मार्गावर जादा पैसे घेऊन सोळा वर्षांवरच्यांसाठी वेगळा भाग केला. तो दहा तासांचा प्रवास, मोठं विमान, मध्ये आडोसा. तिथे कुणाला शांतता विकत घ्यायची असेल तर घेऊ दे बापडा. आमच्या विमानात एकच रस्ता, तीन-तीन सीटा आणि एक सलग नळकांडं. चौदाव्या रांगेतला आवाज दहाव्या रांगेत जाताना काय तिकीट दाखवणार आहे?

शिवाय सगळी बाळं एका कोपऱ्यात कोंबताही येत नाहीत. तीन सीटांच्या डोक्यावर साधारण चार ऑक्सिजन मास्क असतात, म्हणून रांगेच्या एका बाजूला मांडीवरचं बाळ एकच. हे मी काकांना सांगितलं तर म्हणाले, "मग जपानसारखं करा." जपान एअरलाइन्स २०१९ पासून सीट निवडतानाच दाखवते, दोन वर्षांखालचं बाळ कुठे बसणार आहे ते. ही कल्पना मात्र मला आवडली. ज्याला लांब बसायचंय त्याने बसावं. आईला कुणी हलवत नाही.

मुलं घेऊन निघणाऱ्यांनी तेवढं पाहा: सगळ्यांची तिकिटं एकाच पीएनआरवर काढा, वेगवेगळ्या ऑफरच्या नादी लागू नका. वेब चेक-इनला सीटा फुटलेल्या दिसल्या तर सामान देतानाच काउंटरवर डीजीसीएच्या नियमाचं नाव घेऊन बसवून घ्या. गेटवर गेल्यावर कुणाच्या हातात फारसं काही उरत नाही, आणि विमानात काकू भेटतीलच असं नाही.